जुन्या तबकड्यांचे साचे

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव म्हणजेच प्राचीन तगर, असें विद्वान मानतात. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत सातवाहनकालीन मातीच्या मूर्ति आहेत; त्यांतील कित्येक दुहेरी साच्यांतून काढलेल्या आहेत. मूर्ति पाहून दुसरी घडविली तर ती मूळ मूर्तीसारखी होते; साच्यांतून काढली तर वस्त्राची चुणीहि जशीच्या तशी उतरते. संगणकाच्या तबकडीची नक्कल करतांनाहि हाच भेद ध्यानांत घ्यावा लागतो.

फाईली उचलून दुसरीकडे ठेवणें ही पहिल्या जातीची नक्कल. तींत फाईली येतात. पण पुसलेल्या मजकुराचे अवशेष आणि संगणक सुरू करून देणारा तबकडीचा आरंभींचा भाग मागें राहतो. पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंतचे सर्व बाइट ओळीनें एकाच फाईलींत उतरविले, म्हणजे तिला 'डिस्क इमेज' म्हणतात. हाच तबकडीचा साचा. साडेतीन इंची नेहमींच्या फ्लॉपींत २,८८० खण आणि प्रत्येक खणांत ५१२ बाइट. म्हणून तिचा साधा साचा नेमका १४,७४,५६० बाइटांचा भरतो.

सी.डी.वरील फाईलींच्या मांडणीसाठीं १९८८ सालीं ९६६० क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें. त्यावरून 'आयएसओ' हा प्रकार रूढ झाला. त्यांत सी.डी.च्या दर खणांतील २,०४८ बाइट घेतले जातात. खण मात्र २,३५२ बाइटांचा असतो, आणि व्हिडिओ सी.डी.वरील चित्रें त्यांतील २,३२४ बाइट व्यापतात. म्हणून घरांतील लग्नाची व्हिडिओ सी.डी. 'आयएसओ'मध्यें उतरवूं नये. तिच्यासाठीं 'बिन' आणि 'क्यू' ही जोडी आहे : 'बिन'मध्यें पूर्ण खण येतात, आणि कोणता भाग कोठून सुरू होतो हें 'क्यू' सांगते. गाण्यांच्या सी.डी.लाहि हीच जोडी लागते, घरगुती डी.व्ही.डी.ला मात्र 'आयएसओ' पुरे. ॲपलचा 'डीएमजी' किंवा आभासी संगणकांचे 'व्हीएचडी' व 'व्हीएमडीके' हे प्रकार आपापल्या कामाला चांगले. पण दीर्घकाळ जपण्यास साधा, न दाबलेला साचा अधिक भरंवशाचा, कारण तो वाचण्यास विशिष्ट कंपनीच्या प्रणालीची गरज पडत नाहीं.

'आयएसओ' फाईल विंडोजमध्यें २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून थेट उघडते. लिनक्समध्येंहि ती तबकडीप्रमाणें जोडतां येते. झिजलेल्या तबकडीसाठीं 'डीडीरेस्क्यू' ही प्रणाली उपयोगी आहे. ती आधीं धडधाकट भाग उतरविते, बिघडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि मग त्यांच्याकडे वळते.

मराठी घरांना या साच्याचें महत्त्व विशेष आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीं निरनिराळ्या फाँटांच्या अक्षरसंकेतांत मेळ नव्हता. तो फाँट हरवला कीं वडिलांनीं टंकलेला लेख अर्थहीन रोमन अक्षरें बनतो. म्हणून केवळ लेखाची फ्लॉपी पुरत नाहीं. फाँट व लेखनप्रणाली ज्या तबकड्यांवर होती, त्यांचेहि साचे घ्यावेत. 'क्यूईएमयू'सारख्या प्रणालींत त्या साच्यांवरून जुना संगणक पुन्हां उभा करतां येतो, आणि लेख मूळ रूपांत दिसूं शकतो.

काम आरंभण्यापूर्वीं फ्लॉपीच्या कोपऱ्यांतील खिडकी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर चुकूनहि कांहीं लिहिलें जात नाहीं. साचा झाल्यावर त्याची 'शा-२५६' ही तपासखूण काढून ठेवावी. पुढें एक बाइट जरी बदलला तरी खूण जुळत नाहीं. प्रती दोन ठेवाव्यात, आणि त्या दोन निरनिराळ्या ठिकाणीं. साच्याला घाई एवढ्याचसाठीं, कीं तो तबकडी वाचतां येते तोंवरच निघतो.