पंचवीस मिनिटांचा फंडा

नवी डायरी, महागडं पेन, लॅपटॉपवर ‘आजीचं पुस्तक’ नावाचा फोल्डर... तयारी जय्यत! लिखाण? शून्य. दोन वर्षं माझं ‘सोमवारपासून नक्की’ चालू होतं. मग दिवाळीत आजीने तिच्या लग्नाची गोष्ट तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा गावाचं नाव वेगळं. पोटात गोळाच आला.

मूड आला की बसू, हा आपला लाडका गैरसमज. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिल्लोचंही अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर समोर ठेवला. त्यातूनच २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी हे ‘पोमोदोरो’ तंत्र निघालं. पोमोदोरो म्हणजे टोमॅटो!

मी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवते. पहिली दहा मिनिटं नुसती चुळबुळ, खरं सांगते. नंतर मात्र उठवत नाही. तरी उठते, वाक्य अर्धवट सोडून. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही ना!

मधली प्रकरणं जाम बोअर. तिथे आजीच कामी आली. दर रविवारी तिला पानं वाचून दाखवते. नसली की विचारते, “काय गं, आळस केलास?”

सात प्रकरणं झालीत, तीन बाकी. गावाचं नाव तिने परवा पुन्हा बदललं. मी तिन्ही लिहून ठेवलीत.