कार्ड, खण आणि मागे लिहिलेलं नाव

लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा गठ्ठा उरतो. वर गणपतीचं चित्र असतं, त्यामुळे त्या टाकवत नाहीत, चुलीत घालवत नाहीत, आणि फळीवर साठत जातात. आजच्या गप्पा त्या गठ्ठ्यापासून सुरू करू. हातानं केलेलं भेटकार्ड, भेटवस्तू बांधायची रीत आणि घरात जपायच्या आठवणीच्या वस्तू, असा आजचा विषय आहे. यातलं काहीच बाजारातून आणावं लागत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या आज्या करत आल्या आहेत.

पत्रिकेचा कागद जाड असतो आणि एक बाजू बहुतेक वेळा कोरी असते. कार्ड कापण्याआधी पाकीट समोर ठेवा आणि त्यात बसेल एवढंच कापा. उलटं केलं तर कार्ड झाल्यावर पाकीट शोधत फिरावं लागतं. जाड कागदाची घडी तशीच घातली तर ती फाटल्यासारखी दिसते. म्हणून पट्टी धरायची, शाई संपलेल्या बॉलपेननं दाबून रेघ ओढायची, त्या रेघेवर घडी घालायची आणि चमच्याच्या पाठीनं ती दाबून घ्यायची. गणपतीचं चित्र कापून कार्डावर लावता येतं. काहींना ते बरं वाटत नाही, कार्ड कुठं पडलं तर पाय लागेल म्हणून. त्यांनी काठाची नक्षी तेवढी वापरावी.

रंगाला हळद आहे. हळद पाण्यात कालवून कागदावर फासा आणि वाळू द्या. मग पानात खायच्या चुन्याचं पातळ पाणी करून काडीला कापूस गुंडाळा आणि त्यानं नाव किंवा फूल काढा. चुना लागेल तिथं हळद लाल होते. हळदीचं कुंकू याच गुणावर होतं. मुलांना हा खेळ फार आवडतो, फक्त चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. पण हळदीचा रंग उन्हात उडतो. राखीच्या किंवा संक्रांतीच्या कार्डाला तो चालेल, वर्षानुवर्षं ठेवायच्या वस्तूला चालणार नाही.

संक्रांतीला पाकिटात तिळगूळ किंवा हलवा घालून पाठवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. हलव्याचे दाणे कागदाच्या छोट्या पुडीत बांधून कार्डाच्या आत ठेवा. मोकळे सोडले तर वाटेत चुरा होतो. टपालाला वजन लागतं, २० ग्रॅमच्या वर गेलं की जास्तीचं तिकीट लावावं लागतं. तेव्हा पाकीट टपाल कार्यालयात तोलूनच टाका, नाहीतर घेणाऱ्याला दंड भरावा लागतो.

चिकटवायला घरची खळ करता येते. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, आणि चकाकी आली की उतरवायचं. बाइंडिंगवाले किडीसाठी त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात तो नकोच. त्यापेक्षा खळ थोडी करा आणि दोन दिवसांत संपवा.

आणि कार्डात काय लिहायचं? नुसतं ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं तर ते छापील कार्डासारखंच झालं. तारीख घाला, गावाचं नाव घाला आणि घरातली एक बातमी लिहा. गाय व्याली, धाकटीला दात आला, विहिरीला अजून पाणी आहे. वीस वर्षांनी ते कार्ड कुणी उघडलं तर शुभेच्छा वाचून पुढं जाईल, पण गाईशी थांबेल.

बांधणावळीचं थोडक्यात सांगतो. चकचकीत गिफ्टपेपरवर बहुधा प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो धड कुजत नाही आणि जाळला तर वाईट धूर होतो. आपल्याकडे खण आहे, दस्ती आहे, जुन्या साडीचा काठ आहे. चौकोनी कापड तिरपं अंथरायचं, डबा मधोमध ठेवायचा, समोरासमोरची दोन टोकं डब्यावर घ्यायची आणि उरलेली दोन टोकं वर बांधायची. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप डब्याच्या लांबीच्या साधारण तिप्पट असलं की गाठ नीट बसते. जपानमध्ये याला फुरोशिकी म्हणतात आणि त्याच्या तऱ्हा शिकवतात. आपण त्याला गाठोडं म्हणतो, एवढाच फरक. शिवाय खणात बांधलेली भेट म्हणजे दोन भेटी होतात.

आता जपायच्या वस्तूंकडे येऊ. इथं जरा थांबू या, कारण इथं नुकसान झालं तर ते भरून निघत नाही.

वर्तमानपत्राचा कागद एका उन्हाळ्यात पिवळा पडतो. त्यात लाकडाचा अंश राहिलेला असतो आणि तो उजेडात बदलतो. पूर्वी जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होत असे. पेशवे दफ्तरातले दोन-अडीचशे वर्षांचे कागद पुण्यात आजही वाचता येतात. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद बनतो आहे. म्हणजे सुताचा कागद टिकतो, लाकडाचा स्वस्त कागद टिकत नाही. मुलाचं जावळ, पहिला दात, आजीचं पत्र वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात ठेवा. फोटो चिकट पानांच्या अल्बमात ठेवू नका, तो गोंद पुढं पिवळा होतो आणि फोटो सुटत नाही. जुन्या फोटोला लॅमिनेशन तर नकोच. ते परत काढता येत नाही.

जपायच्या वहीला खळही नको. कसरीला आणि झुरळांना खळ आवडते. मग काय करायचं? शिवायचं. हे तर आपल्या हातातलंच काम आहे. आठ-दहा कागद मधोमध दुमडा. घडीवर तीन भोकं पाडा, एक मधे, एक वर, एक खाली. जाड सुती दोरा घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतूनच खाली नेऊन खालच्या भोकातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणा. आत दोऱ्याची दोन टोकं आली आणि मधे एक लांब टाका दिसतो. टोकं त्या टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. वही झाली.

या वहीत काय लिहायचं, त्यासाठीच खरं तर आजचा विषय घेतला. जुने फोटो काढून बघा. पुरुषांची नावं सांगता येतात. शेजारी पदर घेऊन उभी असलेली बाई कोण, तर ‘अमक्याची पहिली बायको’, ‘तमक्याची आत्या’. तिचं नाव कुणाला येत नाही. लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायची रीत आपल्याकडे आहे, आणि माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. घराण्याची वंशावळ सांगताना बापाचा बाप पाच-सात पिढ्या मागं जातो. आईची आई, तिची आई असं विचारलं तर बहुतेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला अडतात. आमच्यातल्याही कितीतरी अडल्या.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढं महाराष्ट्रात सरकारी कागदावर आईचं नाव लागतं, बापाचं नाव त्यानंतर. चांगलं झालं. पण त्याआधीच्या बायकांचं आपल्यालाच लिहावं लागणार. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. म्हणून ती ओवी आज कुणाची, ते सांगता येतं.

तर वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. खाली आई, तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव. खाली तिची आई. मग सासूबाई, त्यांची आई. प्रत्येकीचं एखादं वाक्य: कुणाच्या हातची आमटी, कोण सुईण होती, कुणाला पोहता यायचं. मुलीच्या रुखवतात आपण साखरेचे बंगले ठेवतो, मण्यांचे मोर ठेवतो. ही वही त्यात ठेवा, खणात बांधून. आमच्या मते रुखवतातली हीच वस्तू ती पुन्हा पुन्हा उघडेल. गोधडी देणार असाल तर कोपऱ्यातल्या ठिगळावर साखळी टाक्यानं दोन नावं भरा: जिचं लुगडं आत आहे तिचं आणि जिनं गोधडी शिवली तिचं.

लिहायला जेलपेन नको, पाणी लागलं की पसरतं. बॉलपेन बरं, शिसपेन्सिल त्याहून बरी. पेन्सिल ओल धरत नाही. फोटोच्या मागं मात्र दाबून लिहू नका, पुढं वळ उमटतो. नावं कागदाच्या चिठ्ठीवर लिहून फोटोसोबत एका पाकिटात ठेवा. सगळं पत्र्याच्या पेटीत, वेखंडाचा तुकडा घालून. पावसाळा सरला की पेटी उघडून सावलीत वारा द्या, उन्हात ठेवू नका.

पुढच्या बैठकीला येताना घरातला एक जुना फोटो आणि शिसपेन्सिल घेऊन या. ज्या फोटोतल्या बाईचं नाव घरात कुणालाच माहीत नाही, तो आधी आणा. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनाही सोबत घेऊन या, त्यांच्यातली कुणीतरी तिच्याबरोबर पाण्याला गेलेली असेल.