कुलूप न्यायचं की नाही?

सायकलवर शनिशिंगणापूरला जायचं ठरलं की ग्रुपमध्ये एक वाद हमखास पेटतो. पंप कोणाकडे, जास्तीची ट्यूब कोण आणणार, हे सगळं नंतर. आधी प्रश्न असा, की सायकलचं कुलूप न्यायचं का? ज्या गावात घरांना दारं नाहीत, तिथं साखळी गुंडाळून कुलूप लावायचं म्हणजे जरा ऑकवर्डच, नाही का?

उत्तराकडे येऊच. आधी रस्ता बघा. अहिल्यानगरहून शिंगणापूर साधारण 35 ते 40 किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर हायवेने जेऊर, इमामपूर घाट, पांढरीपूल करत घोडेगाव गाठायचं. घोडेगाव म्हणजे कांद्याचा मोठा बाजार. तिथून हायवे सोडून आत वळलं की शेवटचे पाच-सहा किलोमीटर. चहा-पाण्याचे थांबे धरून तीन तास पुरतात.

जाताना घाट उतरायचा असतो, त्यामुळे तेव्हा सगळेच हीरो! खरी परीक्षा परतीला. ऊन डोक्यावर, पाय भरून आलेले आणि समोर चढ. म्हणून उजाडायच्या आत निघा. हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा. हायवेला गप्पा मारत शेजारी-शेजारी चालवू नका, एकामागे एक चला. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांच्या मागे चिकटू नका. शनिवार आणि शनिअमावास्या टाळा. त्या दिवशी गर्दीत सायकल हातात धरून चालावं लागतं.

आणि एक काम आधीच वाटून घ्या : सगळ्यात मागे कोण राहणार? हा गडी किंवा ही मुलगी ग्रुपमधली दमदार हवी. कोणाची चेन उतरली, कोणाच्या पायात गोळा आला, तर थांबणारं माणूस हेच. पुढचे निर्धास्त पायडल मारतात ते मागे कोणीतरी आहे या भरवशावर.

आता गाव. शनिदेवाची मूर्ती म्हणजे काळी शिळा, उघड्या चौथऱ्यावर उभी. वर छप्पर नाही. चोरी करणाऱ्याला देवच बघून घेतो, या श्रद्धेने घरांनाही चौकट असते पण दार नसतं. कुठं पडदा, कुठं कुत्री शिरू नयेत म्हणून टेकवलेली फळी. 2011 मध्ये युको बँकेने इथं ‘बिनकुलपाची’ शाखा काढली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. पण नीट वाचलं तर कळतं, दार होतं. काचेचं, आणि चटकन नजरेला न येणारं रिमोटचं इलेक्ट्रॉनिक कुलूप असलेलं. 2010 मध्ये बाहेरून आलेल्या भाविकाच्या गाडीतून चोरी झाल्याची बातमी आली होती. 2015 मध्ये गावात पोलीस ठाणंही सुरू झालं.

मग दारं नसणं खोटं का? तसं नाही. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. शेजारी गावाला गेला तर त्याच्या घराकडे शेजारणीचं लक्ष असतं. श्रद्धेसोबत हे लक्षही घर राखतं. पार्किंगमध्ये मात्र रोज हजारो अनोळखी माणसं. तुमच्या सायकलकडे लक्ष ठेवायला तिथं कोणी शेजारीण नाही. तेव्हा कुलूप न्या, बिनधास्त लावा. त्यात गावाचा अपमान नाही.

मुलींनो, तुमच्यासाठी अजून एक. दारं नसलेल्या या गावात एक वाट बायकांना शेकडो वर्षं बंद होती, चौथऱ्याची. आंदोलन झालं, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि 8 एप्रिल 2016 ला महिलांनी चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेतलं. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. श्रद्धा असो-नसो, तिथं उभं राहून हे आठवा.

निघण्याआधी रसवंती चुकवायची नाही. शिंगणापूरच्या रस्त्याला अजूनही बैलावर चालणारे लाकडी चरक दिसतात. बैल गोल फिरतो, आडवं लाकूड फिरतं, उभ्या लाकडी लाटांत ऊस पिळला जातो. मोटार नाही, डिझेल नाही. शहरातल्या रसवंतीच्या मशीनला घुंगरं का बांधतात, असा प्रश्न कधी पडलाय? बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांची ती आठवण, असं सांगतात. इथं ती घुंगरं त्यांच्या मूळ जागी ऐकायला मिळतात. बर्फ नको म्हणा, आलं-लिंबू घाला म्हणा, आणि सावलीत दहा मिनिटं टेका.

बैलाचे फेरे मोजत बसलात तर उशीर होईल. इमामपूरचा चढ अजून बाकी आहे. बाटल्या भरून घ्या, कुलूप काढा, माणसं मोजा. आणि येताना सगळ्यात मागे राहिलेल्याला आता पुढे पाठवा. परतीला मागे राहायची पाळी तुमची.