आभाळही हवं, चेहराही हवा!

बीडच्या कंकालेश्वर मंदिराजवळ संध्याकाळी मित्राचा फोटो काढून बघा. आभाळाचा केशरी रंग धरायला जावं, तर चेहरा काळवंडतो. चेहरा उजळावा, तर आभाळ पांढरंफटक! महागडी लेन्स घेतली तरी हा पेच सुटत नाही. तो सोडवते कॅमेऱ्याबाहेरची फ्लॅशगन. लग्नसराईत कॅमेऱ्यावर चार पैसे कमावणाऱ्या पोरापोरींना तर ती वापरता यायलाच हवी.

आधी आभाळ, मग चेहरा
फोटोत दोन उजेड असतात, एक आभाळाचा आणि दुसरा फ्लॅशचा. फ्लॅशचा झोत पापणी लवायच्या आत संपतो. त्यामुळे शटर स्पीड बदलला की मुख्यतः आभाळ बदलतं, ॲपर्चर बदललं की दोन्ही.

कॅमेरा मॅन्युअलवर घ्या. आयएसओ २००, ॲपर्चर एफ ५.६, शटर १/१६०. फ्लॅश बंद ठेवून आभाळ मनासारखं जमवा. चेहरा काळा आला तरी चालेल. शटर साधारण १/२०० च्या पुढे नेऊ नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोवर काळी पट्टी येते. आभाळ तरीही भगभगीत वाटलं, तर ॲपर्चर लहान करा.

आता फ्लॅश सुरू करा, ताकद १/१६. कमी पडली तर १/८, म्हणजे उजेड दुप्पट. आणि हे लक्षात ठेवा: फ्लॅशचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, पावपट होतो. टीटीएल मोडवर हा हिशेब कॅमेरा करतो, पण शिकताना तो आपणच केलेला बरा.

फ्लॅश खाली उतरवा
कॅमेऱ्यावरून सरळ पडणारा झोत चेहरा सपाट करतो, घामेजलेलं कपाळ चमकवतो. रेडिओ ट्रिगर लावून फ्लॅश मित्राच्या हाती द्या. ४५ अंश बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडी वर. पुढे पांढरी छत्री लावली की सावली मऊ पडते. घरात पांढऱ्या छतावर झोत मारला तरी चालतो. पण वर पत्रे किंवा भिंती निळ्या असतील, तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो. तिथे पांढरं थर्माकोल धरा.

एक सावधगिरी: बिघडलेली फ्लॅश घरी उघडू नका. सेल काढले तरी आत जोरदार झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

पहिला पोर्ट्रेट घरातला
आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील त्यांत असतील. त्यांचा आधार कार्डापलीकडचा एखादा नीट फोटो घरात आहे का? ते निघण्याआधी एक संध्याकाळ काढा. आणि फोटो काढल्यावर ॲपमध्ये घालून चेहरा गोरा करू नका. उन्हात रापलेला तो रंग जसाच्या तसा दिसावा, म्हणून तर हा सगळा उजेडाचा खटाटोप.