चंदीगडहून एक दिवस पतियाळ्याला

चंदीगडला गेलेली मराठी मंडळी रॉक गार्डन, सुखना तलाव आणि रोझ गार्डन पाहतात आणि लगेच सिमल्याची गाडी धरतात. शहर सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण ते अगदी अलीकडचे. १९४७ साली लाहोर पाकिस्तानात गेले, पंजाबला नवी राजधानी हवी झाली आणि ल कॉर्बुझिए यांनी हे शहर आखले. इथे वेस नाही, तट नाही, पेठाही नाहीत. पेठांच्या जागी नंबर लावलेले सेक्टर! जुन्या गावाची हौस असेल, तर सहलीतला एक दिवस पतियाळ्यासाठी राखून ठेवा.

पतियाळा चंदीगडपासून सुमारे ७० किलोमीटर. सेक्टर ४३ च्या स्टँडवरून राजपुऱ्यामार्गे बस जाते. गावाची सुरुवात झाली बाबा आलासिंगाच्या किल्ल्यापासून. ‘आलाची पट्टी’, म्हणजे आलाच्या वाट्याची जमीन, यावरून पतियाळा हे नाव पडले, असे सांगतात.

या आलासिंगाची ओळख मराठी माणसाने तरी ठेवायला हवी. पानिपतावर अब्दालीने भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तोडली, माणसे-जनावरे उपाशी मरू लागली, तेव्हा ज्या थोड्यांनी धान्य पाठवले त्यांत हा एक होता. पानिपतानंतर दोनच वर्षांनी, १७६३ मध्ये, त्याने किला मुबारक बांधायला घेतला. आधी मातीचा, पुढे पक्क्या विटांचा.

पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. १७९४ मध्ये मराठी फौज खंडणीसाठी या मुलखात शिरली. त्या वेळी राज्याचा कारभार पाहणारी राजाची बहीण साहिब कौर स्वतः सैन्य घेऊन आडवी आली. राजपुरा-अंबाला भागात मर्दानपूरला लढाई झाली आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली. पतियाळ्याला तिचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

किल्ल्यात शिरल्यावर आतला भाग ‘किला अंद्रून’. त्यातल्या दालनांच्या भिंतींवर जुनी रंगीत चित्रे आहेत. बुरुजात एक ज्योत तेवत असते. ती बाबा आलासिंगाने ज्वालामुखीहून आणली, अशी श्रद्धा आहे. दरबार हॉलमध्ये झुंबरे आणि शस्त्रे आहेत. ‘लस्सीखाना’ म्हटल्यावर ताकाचे पेले आठवतील, पण ते होते मुदपाकखान्याचे नाव! वर्षानुवर्षांच्या हेळसांडीने ही वास्तू इतकी खचली, की २००४ मध्ये जगातील धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. पुढे दुरुस्ती सुरू झाली. पूर्वी पाहुण्यांसाठी असलेल्या रणबासात २०२५ पासून हॉटेल चालते. पैसा आल्याशिवाय भिंती उभ्या राहत नाहीत, हे खरे. तरी सामान्य माणसाला किल्ला मोकळेपणाने पाहता येत राहावा, एवढीच इच्छा.

किल्ल्याभोवतीच्या शहराला तट होता. आज तो जवळजवळ दिसत नाही, पण दरवाजांची नावे लोकांच्या तोंडी आहेत: सरहिंदी, समानिया, सनौरी, नाभा. रस्ता ज्या गावाला जातो त्याचे नाव दरवाजाला, अगदी आपल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासारखे. मुलांना हा खेळ म्हणून शोधायला लावा.

किल्ल्याबाहेरच बाजार आहे. भरतकाम केलेल्या जुत्या, वेणीला लावायचे परांदे, फुलकारीच्या ओढण्या इथे घ्याव्यात. पतियाळा सलवारीचे तर गावच हे! घासाघीस जरूर करा. वेळ उरला, तर १८४७ मध्ये महाराजा नरेंद्रसिंगांनी बांधलेला शीशमहाल पाहा.

दुरुस्तीमुळे किल्ल्याचा काही भाग बंद असू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. सकाळी लवकर निघालात, तर संध्याकाळी पुन्हा चंदीगडला पोहोचाल. उन्हाळ्यात टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका.