खिडकीतला टोमॅटो : पांढऱ्यातले काळे ठिपके

या आठवड्यात लाल कोळी घ्यायचा ठरला होता, पण नाशिकच्या एका वाचक ताईंचा फोटो आला आणि बेत बदलला. टोमॅटोच्या पानाची खालची बाजू, तिथे पांढऱ्या माशीची फिकट, चपटी पिल्लं आणि त्यांच्यातच चार-पाच काळे ठिपके. ‘ही नवी कीड का? साबणाचं पाणी मारू?’ ताई, आज फवारा बाजूला ठेवा.

आधी पानावर ओलं बोट फिरवा. काळं बोटाला लागलं तर ती काजळी, माशीच्या चिकट्यावर वाढणारी बुरशी, पुसून टाका. नाही लागलं, तर ते माशीचंच पिल्लू आहे, पण त्याच्या आत आता एन्कार्सिया वाढतेय. ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी. माणसाला डसत नाही. माशीच्या पिल्लात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि वरची कातडी काळी पडते.

1926 मध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये एका टोमॅटोवाल्याला आपल्या काचघरात हेच दिसलं होतं. पानं चेशंटच्या संशोधन केंद्रातले कीटकशास्त्रज्ञ स्पायर यांच्याकडे पोचली. त्यांनी कीटक ओळखला, वाढवला, आणि काही वर्षांतच ते केंद्र दरसाल सुमारे 15 लाख एन्कार्सिया बागायतदारांना पुरवू लागलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत त्या गेल्या. एका माणसाने पान उलटून नीट पाहिलं म्हणून हे घडलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आपल्याकडच्या टोमॅटोवर बहुतेक वेळा त्या इंग्लंडच्या काचघरातल्या माशीहून वेगळी, बेमिसिया ही पांढरी माशी असते. तिच्यावर एन्कार्सियाच्या इतर जाती येतात, त्यामुळे ठिपका काळ्याऐवजी तपकिरीही दिसेल. खात्री हवी असेल तर भिंगातून रिकामी टरफलं बघा. पांढरी माशी बाहेर पडते तेव्हा टरफल इंग्रजी टी अक्षरासारखं उकलतं. गांधीलमाशी गोल भोक पाडून निघते. कोकणातल्या वाचकांनी हीच गोल भोकं नारळाच्या झावळीवर शोधावीत. 2016 पासून आपल्या देशात दिसू लागलेल्या चक्राकार पांढऱ्या माशीवर एन्कार्सियाचीच एक जात काम करते, म्हणून तर नारळावर कीटकनाशक मारू नका असं सांगतात.

घरातल्या झाडाची अडचण अशी की माशी आत शिरते, तिचे शत्रू बाहेर राहतात. तेव्हा ठिपके दिसल्यावर दिवसा जाळी उघडी ठेवा. पिवळा चिकट सापळा काढा, त्यावर गांधीलमाश्याही अडकतात. खालची पानं खुडलीत तर काळे ठिपके असलेली तेवढी कुंडीतच मातीवर ठेवा. पान सुकलं की माशीची कोवळी पिल्लं उपाशी मरतात. काळ्या कोषाला पानाच्या रसाची गरज उरलेली नसते. बाकीच्या पानांवर माशी फारच माजली असेल तर तेवढ्याच पानांना साबणाचं पाणी, तेही खालून. अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा. शेंडा मात्र आखडून चुरडला असेल, पानं पिवळी आणि बारीक येत असतील, तर तो माशीने आणलेला पर्णगुच्छाचा विषाणू. त्याला उपाय नाही, झाड उपटा.

चेशंटची कहाणी मध्येच तुटली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं आणि एन्कार्सियाची मागणी संपली. ती परत आली ती कोळ्यामुळे. काचघरातला लाल कोळी औषधांना दाद देईना, तेव्हा त्याला खाणारा चिलीचा दुसरा कोळी वापरात आला. पांढऱ्या माशीसाठी मारलेलं औषध त्यालाच मारू लागलं, म्हणून बागायतदारांनी पुन्हा एन्कार्सिया मागवली. हा चिलीचा कोळी ऑर्किडच्या झाडांवर बसून जर्मनीत पोचला होता. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू. तोवर भिंग मिळवून ठेवा, दहापट मोठं दाखवणारं पुरे.