पीएचचा आकडा कसा वाचावा



एका कारखान्यातील वाटाघाटींत (नाव घेण्याचे कारण नाही) नाल्यात सोडलेल्या पाण्याचा तक्ता टेबलावर आला. सकाळी पीएच 7, दुपारी 5. समोरचे साहेब म्हणाले, "दोन पॉइंटांचाच तर फरक!" आमच्या बाजूचेही काही जण गप्प राहिले. महागाई भत्त्याचे पॉइंट आपल्याला तोंडपाठ. तेथे दोन म्हणजे दोनच. पीएचचा पॉइंट निराळ्या जातीचा आहे. त्या पाण्यातील आम्लता शंभरपट झाली होती.

हे शंभर आले कोठून? पाण्यात हायड्रोजनचे विद्युतभारित कण असतात, त्यांना आयन म्हणतात. आम्लता त्यांची. शुद्ध पाण्यातून, 25 अंश सेल्सियसला, असे आयन 1 ग्रॅम गोळा करायचे तर सुमारे 1 कोटी लिटर पाणी लागेल. कोटीवर शून्ये किती? सात. म्हणून शुद्ध पाण्याचा पीएच 7. तेवढेच आयन 1 लाख लिटरांत सापडले तर शून्ये पाच, पीएच 5. शंभर लिटरांतच सापडले तर 2; लिंबाचा रस याच आळीतला. आकडा लहान तितके आम्ल तीव्र. सातापलीकडे अल्काचा, म्हणजे सोडा, साबण, चुना यांचा प्रांत लागतो. चुन्याच्या निवळीचा पीएच 12 च्या वर जातो. ही मोजपट्टी 1909 साली कोपनहेगनला सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काढली, तीही कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांनी उभारलेल्या प्रयोगशाळेत. दारूबंदीच्या कार्यकर्त्यांनी राग मानू नये! आपली मुले शाळेत यालाच सामू म्हणतात.

घरच्या बायामाणसांना हे शास्त्र नावावाचून ठाऊक आहे. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो. साबण धुऊन गेला की पुन्हा पिवळा. हळद ही अल्क ओळखणारी घरगुती पट्टीच. आपले भंडारा पितळी भांड्यांचे गाव. तेथे कोणाला सांगावे लागत नाही की चिंचेने पितळ उजळते आणि कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकते. चिंचेचे आम्ल वरचा काळा थर विरघळवते, ताकाचे आम्ल खालच्या तांब्याला हात घालते.

पोलादाच्या धंद्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. तार ओढण्यापूर्वी सळीवरची काळी खपली काढण्यासाठी ती हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक ॲसिडात बुडवतात. या पिकलिंगच्या टाकीतला पीएच 1 च्याही खाली असतो. मग सळी धुतात, आणि ते धुवण आम्ल घेऊन बाहेर पडते. त्यात चुना घालून पीएच वर आणावा लागतो, तेव्हा विरघळलेले लोखंड गंजाच्या रंगाचा गाळ होऊन खाली बसते. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा 5.5 ते 9 अशी आहे. म्हणजे वरच्या तक्त्यातला 5 हा आकडा नियमाच्याही बाहेरचा होता.

पण 7 दिसले म्हणजे पाणी निर्मळ, असेही नव्हे. तेल किंवा विषारी क्षार पीएचला दिसत नाहीत. आणखी एक मेख आहे. शिरका आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड यांचा पीएच सारखा असला, तरी शिरक्याला शमवायला सोडा कितीतरी अधिक लागतो. पीएच खिशातली रोकड सांगतो. पेढीवरची ठेव सांगत नाही.

जाळते ते ॲसिडच, हा समज कारखान्यांतून अजून गेलेला नाही. कॉस्टिक सोडा बोटांना गुळगुळीत लागतो, तो कातडीतल्या चरबीचा साबण होऊ लागल्यामुळे. डोळ्यात तर अल्क ॲसिडापेक्षा खोल शिरतो. डोळ्यात काहीही उडाले तरी ॲसिडवर सोडा, सोड्यावर लिंबू असले प्रयोग करू नयेत. ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार धरावी, निदान वीस मिनिटे, आणि मग दवाखाना गाठावा.

भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने अधिनियमात 41-ब हे कलम आले. धोकादायक प्रक्रियेतील पदार्थांची माहिती कामगारांना देणे त्याने मालकावर बंधनकारक केले. ही माहिती मागताना टाकीवरच्या पाटीवर पीएचही लिहायला सांगावा, आणि पीएचच्या कागदी पट्ट्या पाळीवरच्या माणसाजवळ असाव्यात. पट्टी दिवसाच्या उजेडात वाचावी. शेडमधल्या पिवळ्या दिव्याखाली नारिंगी कोणता आणि पिवळा कोणता, हे कळत नाही.